शेवंताबाईंच्या बावीस काचा

शेवंताबाई, तुमच्या शोकसभेतून मी मधेच उठून बाहेर आले. कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं जमली होती. तुमचा आधार कार्डावरून मोठा केलेला फोटो खुर्चीवर टेकवून ठेवला होता आणि प्राचार्य बोलत होते. मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख. कधी कुणाशी वाद नाही, कधी कसली तक्रार नाही. हे शेवटचं वाक्य आलं आणि मला बसवेना. तुम्ही तक्रार केली नाहीत, हीच माझी तुमच्याविरुद्धची तक्रार आहे.

व्हरांड्यात उभी राहून मी तुमच्यावर चिडत होते. गेलेल्या माणसावर चिडू नये असं म्हणतात. का चिडू नये? तुम्ही होतात तेव्हा मी तुमच्यावर एकदाच चिडले, तेही चुकीच्या गोष्टीवरून, आणि त्या चिडण्याचा एक कागद अजून तुमच्या सेवापुस्तकात टाचलेला आहे. 'कर्तव्यात कसूर व प्रयोगात हस्तक्षेप.' मेमोवर सही विभागप्रमुखांची, पण मसुदा माझा, शब्दही माझे. बारा वर्षं तो कागद तिथं आहे. तो खोटा आहे हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आता सांगा, कुणी कुणावर चिडायचं?

आपली ओळख झाली तेव्हा मी नवीन लागलेली प्राणिशास्त्राची लेक्चरर होते आणि तुम्ही आमच्या प्रयोगशाळेच्या परिचर. माहेर-सासर दोन्ही कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचं. नवरा आमच्याच कॉलेजात शिपाई होता, तो अचानक गेला तेव्हा त्याच्या जागेवर तुम्हाला घेतलं. झाडायचं, पुसायचं, काचसामान धुवायचं. मायक्रोटोम, म्हणजे पातळ काप काढायचं यंत्र, चालवणारे जुने तंत्रज्ञ निवृत्त झाले, त्यांची जागा कुणी भरली नाही, आणि त्यांच्या शेजारी उभं राहून तुम्ही जे बघितलं होतं तेवढ्या भांडवलावर ते यंत्र तुमच्या ताब्यात आलं. काम तंत्रज्ञाचं, पद परिचराचं. ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

आमच्या घरात मासा कधी शिजला नव्हता. आणि मी पीएच.डी.साठी विषय घेतला तो माशाच्या पचनसंस्थेच्या सूक्ष्मदर्शी अभ्यासाचा. हिप्परग्याच्या तलावातून जिवंत शिंगटे आणले त्या दिवशी पहिलाच मासा उचलताना त्याचा काटा माझ्या तळव्यात घुसला. तुम्ही माझा हात नळाखाली धरलात आणि म्हणालात, "असं धरायचं न्हाय वो मॅडम. काट्याच्या मागनं अंगठा लावायचा. त्याला बी कळतं की, कोण भ्यालंय ते." मग तुम्ही तो मासा असा सहज उचललात की मला माझ्या एम.एस्सी.ची लाज वाटली.

माशाचं आतडं घ्यायचं, द्रावणात टिकवायचं, त्यातलं पाणी काढून ते मेणात बसवायचं आणि त्या मेणाच्या ठोकळ्याचे केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढायचे. सुरी जरा बोथट असली की काप फाटतो. हवा कोरडी असली की तो गोळा होतो. आणि सोलापूरची हवा कोरडी नसते कधी? तुम्ही ठोकळा यंत्रात बसवला की त्याच्याजवळ तोंड नेऊन हलकेच 'हाऽऽ' करायच्या, आरसा पुसताना करतात तसं. मग चाक फिरवायच्या. काप एकाला एक चिकटून लांब फीत निघायची आणि तुम्ही कानडीत मोजायच्या. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. मी घाईनं चाक फिरवलं की "साकु, साकु", पुरे पुरे, म्हणून माझ्या मनगटावर टिचकी मारायच्या. माझी पहिली फीत बघून तुम्ही म्हणालात, "ही फीत न्हाय मॅडम, ह्या कुरडया हायत." मी हसले होते. नंतर घरी जाऊनही हसले होते.

ती फुंकर मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. पिकलेली अंडी कापताना तर तिच्यावाचून चालायचंच नाही. मासळीची पक्व अंडी मेणात घातली की आतला बलक टणक होतो आणि सुरी लागताच भुगा होतो. तुम्ही त्या ठोकळ्यावर आधी गार पाण्यात भिजवलेला कापूस ठेवायच्या, मग फुंकर, मग एकेक फेरा. कोंबडीच्या अंड्यातला पांढरा बलक काचेला पुसून त्यावर माशाच्या अंड्याचे काप चिकटवायच्या आणि म्हणायच्या, "अंड्याला अंडंच धरून ठिवतंय बगा."

आणि तुमचा एक नियम होता. आमच्या विभागात मासा वाटला जायचा. पोट फाडलं की आतडं माझ्या कपाटात जायचं, कारण माझा विषय पचन. अंडाशय दुसऱ्या एका सरांच्या कपाटात, कारण त्यांचा विषय प्रजनन. ते माझ्या बाटल्यांना हात लावत नसत, मी त्यांच्या काचा बघत नसे. एकच मासा, दोन कपाटं, मधे भिंत. तुम्हाला ते पटायचं नाही. जीव घेतला तर सगळा कामाला आला पाहिजे, असं तुमचं म्हणणं. सरांना नको असलेल्या माद्यांची अंडीसुद्धा तुम्ही टिकवून, मेणात बसवून ठेवायच्या. मी म्हणायचे, शेवंताबाई, कशाला मेण फुकट घालवता? तुम्ही म्हणायच्या, "मेण फुकट जाऊ दे, मासा न्हाय."

प्रत्येक काचेवर पेन्सिलनं एक लेबल असायचं. माशाचा नंबर, अवयव, तारीख आणि खाली दोन जागा. कापलं, बघितलं. डाव्या जागेत तुमचा 'शे.', उजव्या जागेत माझा 'व.' किंवा त्या सरांचं अक्षर. पूर्ण मासा बघणारं माणूस त्या विभागात एकच होतं, आणि त्याचं नाव फक्त 'कापलं'च्या खाली यायचं. हे मला आज दिसतं. तेव्हा दिसलं नाही म्हणून स्वतःवर किती चिडावं याला काही मर्यादा असेल तर मला अजून ती लागलेली नाही.

मग ते उपाशी माशांचं वर्ष आलं. माझ्या प्रबंधाचा मुख्य भाग असा होता की मासे उपाशी ठेवले तर आतड्याच्या आतल्या घड्या किती आखडतात ते बघायचं. एका टाकीत नर, एका टाकीत पोट फुगलेल्या माद्या, तीन आठवडे अन्न बंद. तुम्ही पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलात. "पोटुशी बाई उपाशी ठिवायची? ह्ये मला पटत न्हाय मॅडम." मी म्हणाले, मासळी आहे, बाई नाही. तुम्ही म्हणालात, "पोटुशी ती पोटुशीच की." तरी रोज सकाळी दोन्ही टाक्यांचं पाणी तुम्हीच बदललंत, हवेची नळी तुम्हीच बघितलीत, आणि दुपारी माद्यांच्या टाकीच्या झाकणावर डबा ठेवून तुम्ही भाकरी नि शेंगाचटणी खाल्लीत, नेहमीसारखी. कधी अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवून.

तीन आठवड्यांनी काचा तयार झाल्या. नरांच्या आतड्याच्या घड्या आखडल्या होत्या, अगदी मला हव्या होत्या तशा. माद्यांच्या घड्या मात्र चांगल्या उंच होत्या. थोड्या कमी झालेल्या, पण उपाशी म्हणाव्यात अशा नाहीत. मी चार वेळा बघितलं. मग मी टाकीपाशी गेले आणि झाकणाच्या कडेला मला ज्वारीच्या भाकरीचा कण दिसला. झालं. माझं संशोधन तिथं संपलं आणि माझी अक्कलही.

मी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं. भाकरी टाकलीत ना त्यांना? तुम्ही हात पुसत उभ्या होतात. तुमची बोटं द्रावणानं पिवळी झालेली. तुम्ही म्हणालात, "टाकायची आसती तर तुमाला सांगून टाकली आसती." मी म्हणाले, मग हे कसं झालं? तेव्हा तुम्ही एक वाक्य बोललात. "मॅडम, अंडी बघितली का? पोट फाडलं तवाच मला दिसलं, माद्यांची अंडी आटल्यात."

आणि मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असणारच. मलाही आठवतं, शब्दन्‌शब्द. "शेवंताबाई, तुम्ही कापा. बघायचं माझ्यावर सोडा."

त्या क्षणी तुम्ही माझ्यावर ओरडायला हवं होतं. हातातलं फडकं माझ्या टेबलावर आपटायला हवं होतं. निदान एवढं तरी म्हणायचं, की बघायचं तुमच्यावर सोडलंय पण तुम्ही बघत नाही आहात. तुम्ही गप्प बसलात. तुमच्या गप्प बसण्याचा मी काय अर्थ लावला असेल? कबुली. शिकलेल्या माणसाला समोरच्याची शांतता नेहमी आपल्या सोयीची वाटते.

मग मेमो. मग तुमची बदली, रसायनशास्त्राच्या तळमजल्यावर, बाटल्या धुवायला. जाताना तुम्ही यंत्राची सुरी पुसून, तेल लावून, डबीत घालून माझ्या टेबलावर ठेवलीत.  मी त्या टाकीतलं सगळं फेकून द्यायला सांगितलं होतं. ठोकळे, बाटल्या, सगळं. मला वाटलं, तुम्ही फेकलं.

वर्षभरात आमच्या विभागाची जी दशा झाली ती मी तुम्हाला कधी सांगितली नाही. तुमच्या जागी आलेल्या माणसानं सरांच्या अंड्यांचा भुगा केला आणि माझी आतडी फाडली. पुढचा पावसाळा आला, मासे आले आणि कापणारं कुणी नाही. शेवटी मी तळमजल्यावर आले. तुम्ही मोरीपाशी स्टुलावर बसून ब्यूरेट धूत होतात. माफी मागायला आले होते असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "शेवंताबाई, वर काम खोळंबलंय." तुम्ही नळ बंद केलात, पदराला हात पुसलेत आणि म्हणालात, "चला."

इतकी सोपी का झालात? 'चला' म्हणायच्या आधी मेमो फाडा म्हणायचं होतं. मी फाडला असता. माझं काम अडलं होतं, मी त्या दिवशी काहीही केलं असतं. तुमच्या हातात माझी मान होती आणि तुम्ही 'चला' म्हणालात. याला मोठेपणा म्हणायला मी तयार नाही. तुम्ही मला फुकटात सोडलंत, आणि फुकटात सुटलेलं माणूस काही शिकत नाही.

दुसऱ्या वर्षी मी प्रयोग फक्त नरांवर केला. माद्यांचा घोळ नको म्हणून. निकाल सरळ आला, प्रबंध झाला, पदवी मिळाली, शाल-नारळ झाला. मागच्या रांगेत उभं राहून तुम्ही टाळ्या वाजवल्यात. प्रबंधाच्या आभारात तुम्ही आहात, 'प्रयोगशाळेतील सर्व कर्मचारी' या तीन शब्दांत. त्यानंतर नऊ वर्षं आपण एकाच खोलीत काम केलं. तुम्ही फुंकर घातलीत, फिती काढल्यात, मला भाकरी दिलीत, माझ्या मुलीच्या लग्नात कुरडयांचे पाच डबे भरून आणलेत. फक्त एक गोष्ट बंद झाली. माझ्यासमोर तुम्ही परत कधी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नाहीत. रंग नीट चढलाय का बघायला मी काच पुढे केली की म्हणायच्या, "तुमीच बगा." मला वाटायचं तुमची नजर अधू झाली. मी तुम्हाला चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हणून सांगितलं होतं. केवढी मी मूर्ख.

आणि त्या खोलीतला पंखा. रसायनांची वाफ बाहेर फेकणारा, भिंतीतला. तो बंद पडला तेव्हा मी दोन अर्ज केले आणि मग सोडून दिलं, कारण मी खिडकीपाशी बसत होते. तुम्ही यंत्रापाशी, आतल्या कोपऱ्यात. तुमच्या फुप्फुसांचं नेमकं काय झालं ते डॉक्टरांना ठाऊक. त्यांनी कारण सांगितलं नाही म्हणे, आणि मीही डॉक्टर नाही. पण शेवटच्या दोन वर्षांत तुम्हाला जिना चढताना धाप लागायची आणि ठोकळ्यावर फुंकर घालायला तुम्ही दोनदा थांबायच्या, हे मी बघितलं होतं. बघितलं होतं आणि कापायचं काम पुढे सरकवलं होतं. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मी तुम्हाला साडी दिली.

शोकसभेच्या दोन दिवस आधी तुमची सुजाता माझ्या घरी आली होती. चिंचोळी एमआयडीसीतली सकाळची पाळी संपवून, कारखान्याच्या निळ्या ड्रेसवरच. मी बस म्हणाले तर ती उभीच राहिली. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा तिनं टेबलावर ठेवला. "आईनं ह्ये तुमाला द्यायला सांगितलं हुतं. मी गेल्यावर दे म्हणली." मी विचारलं, काही बोलल्या का? "न्हाय. एवढंच म्हणली, मॅडम हुशार हाईत, बगतील." मग दारापाशी जाऊन ती वळली. "मॅडम, मेमो मागं घेता येतो का वो? आईच्या फायलीत हाय. मी बघितलाय." उत्तराची वाट न बघता ती गेली.

डब्यात कापसाच्या थरांमध्ये बावीस काचा होत्या. अकरा माद्या, प्रत्येकीच्या दोन. बारा वर्षांपूर्वीची तारीख, माशांचे नंबर तेच, माझ्या उपाशी टाकीतल्या माद्यांचे. अवयव: अंडाशय. तुम्ही ठोकळे फेकले नव्हतेत. वर परत आल्यावर कधीतरी, माझं काम संपवून उरलेल्या वेळात, तुम्ही ते कापलेत, रंगवलेत, काच लावून बंद केलेत. एकाही कापाचा भुगा झालेला नाही. इतके सुंदर काप मी सोलापुरात काय, कुठंच बघितलेले नाहीत, आणि हे बोलायला मला आता समोर कुणी नाही.

मी कॉलेजात जाऊन पहिली काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. निरोगी अंडं गोल असतं, कड नीट, आत बलकाचे दाणे ठासून भरलेले. ही अंडी तशी नव्हती. कड वाकडी, जागोजागी तुटलेली. बाहेरच्या पेशी आत शिरल्या होत्या आणि बलक खाऊन फस्त करत होत्या. काही अंड्यांची नुसती टरफलं उरली होती. दुसरी काच तशीच. तिसरी, चौथी, सगळ्या. उपाशी पडलेल्या माद्यांनी आपल्या पोटातली अंडी आतल्या आत जिरवली होती. त्यांना कुणी भाकरी टाकली नव्हती. त्या आपली पिल्लं व्हायच्या आधीच ती खाऊन जगल्या होत्या, म्हणून त्यांची आतडी नरांसारखी आखडली नव्हती. तुम्ही म्हणालात तसंच. आटल्यात.

यातलं सगळ्यात लाजिरवाणं ऐका. हा काही नवा शोध नाही. उपासमार झाली की मासळी अंडी शोषून घेते हे पाठ्यपुस्तकात आहे. मी ते दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवते, फळ्यावर आकृती काढून. शिकवत होते तेव्हाही, ज्या वर्षी तुम्हाला मेमो दिला. माझ्या स्वतःच्या टाकीत ते घडलं तेव्हा मला सुचलं नाही, कारण माझ्या प्रबंधाच्या नावात अंडी नव्हती. अंडी शेजारच्या कपाटातली होती. मला भाकरीचा कण दिसला आणि अकरा माद्यांची पोटं दिसली नाहीत.

आणि तुम्ही. तुमच्याकडे पुरावा होता. काचेवर चिकटवलेला, रंगवलेला, कुणालाही नाकारता येणार नाही असा. माझ्या टेबलापासून दहा पावलांवर तुम्ही बसत होतात. एक काच माझ्या डोळ्याखाली सरकवायची, एवढंच काम होतं. नऊ वर्षं रोज ते करता आलं असतं. नाही केलंत. मॅडम हुशार आहेत, बघतील. कसला हा विश्वास? की विश्वास नव्हताच, शिक्षा होती? मी म्हणाले होते ना, बघायचं माझ्यावर सोडा, म्हणून तुम्ही खरंच सोडलंत आणि मी कधी बघते याची वाट पाहत बसलात? शिक्षा असेल तर ती पुरती लागली आहे, समाधान असू द्या. पण विश्वास असेल तर तो तुम्ही चुकीच्या माणसावर ठेवलात, आणि हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं.

काल मी आस्थापना विभागात गेले. अर्ज दिला: मेमो माझ्या चुकीच्या निष्कर्षावरून दिला गेला, संबंधित कर्मचाऱ्याचा काही दोष नव्हता, तो रद्द करून तशी नोंद घ्यावी. क्लार्क भला माणूस आहे. तो म्हणाला, "मॅडम, त्या रिटायर होऊन वर्ष झालं. आता तर गेल्या. फाईल बंद हाय. कशाला स्वतःच्या अंगावर ओढून घेताय?" मी म्हणाले, आवक नोंदवहीत चढवा आणि मला शिक्का मारून प्रत द्या. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. विभागप्रमुखपदाची माझी पाळी पुढच्या महिन्यात आहे, अशा वेळी हे पत्र बरं दिसत नाही, असं ते म्हणाले. मी म्हणाले, सर, तुम्ही शोकसभेत म्हणालात, त्यांची कधी कसली तक्रार नव्हती. ही आता आहे. त्यांच्या वतीनं. ते कागद उलटसुलट करत बसले. मेमो रद्द होईल की नाही मला माहीत नाही. पण माझं पत्र त्याच फाइलीत, त्या मेमोच्या वर लागलं आहे. मी उभी राहून लावून घेतलं.

संध्याकाळी प्रत घेऊन तुमच्या घरी गेले. सुजातानं ती दारातच वाचली, दोनदा. मग म्हणाली, "आई आसती तर म्हणली आसती, मॅडमचं अक्षर लई बारीक." मला हसू आलं आणि तिलाही, आणि मग दोघींनाही ते पुरं करता आलं नाही. तिनं चहा टाकला. कपबशी पुढे करताना म्हणाली, "मेमो आला तवा ती चार दिवस जेवली न्हाय. आमाला वाढायची, आन् सवता उठून जायची. आमाला वाटायचं उपास हाय."  तुमच्या घरात उपासतापास कुणी करत नाही हे मला ठाऊक होतं.

घरी येऊन मी परत तो डबा उघडला. काचा एकेक करून बघताना एक गोष्ट पहिल्या दिवशी माझ्या नजरेतून सुटली होती. मी बघते म्हणजे काय बघते, ते तुम्हाला आता कळलंच असेल. बावीसच्या बावीस काचांवर लेबल आहे, तुमच्या गोल अक्षरात. खाली डाव्या बाजूला 'कापलं: शे.' उजव्या बाजूला 'बघितलं:' आणि पुढे काही नाही. बावीस वेळा मोकळी सोडलेली जागा. तुम्ही ती माझ्यासाठी ठेवली होतीत. इतकी वर्षं.

मी टोक केलेली पेन्सिल घेतली. आज सकाळी या काचा विभागात नेल्या, सोमवारी तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मुलं त्या बघतील. लेबल वाचून कुणीतरी विचारेलच, आणि मी सांगेन, उभी राहून, सगळं, मेमोसकट. त्या मोकळ्या जागेत मी माझं अक्षर लिहिलेलं नाही. बावीसही काचांवर लिहिलं आहे: 'बघितलं: शे.' हे तुम्हाला पटणार नाही, माहीत आहे मला. म्हणाल, "आसू द्या वो मॅडम, कशाला." मी खोडणार नाही. भांडायचं असेल तर आता भांडा.